संगमानंतर उगम कसा शोधावा?

माझे मूळ गाव बऱ्हाणपूर. भुसावळहून खंडव्याकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर, तापीच्या उत्तर काठी वसलेले हे गाव आज मध्य प्रदेशात मोडते. पण गल्लीबोळांतून मराठी, हिंदी आणि उर्दू एकाच वाक्यात ऐकू यावी अशी तिथली बोली आहे. पहाटेपासून ऐकू येतो तो यंत्रमागांचा खडखडाट. माझ्या मामांचाही तिथे एक लहानसा यंत्रमाग कारखाना आहे, आणि या लेखाची हकिकत तिथूनच सुरू होते.

गेल्या वर्षी तृतीय वर्षाच्या दोन विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी विषय हवा होता. मामांच्या विणकरांची मजुरी मोजणारी आज्ञावली लिहा, असे मी सुचवले. काम दिसायला सोपे. विणकर आठवड्यात जितके ताके उतरवतो त्यांची लांबी मीटरमध्ये मांडायची, दराने गुणायचे, उचल वजा करायची, आणि हाती चिठ्ठी द्यायची. मी स्वतः जुलैत एक कच्चा आराखडा लिहून दिला. पुढे ताक्यांच्या नोंदीचा भाग विद्यार्थ्याकडे आणि मजुरीचा भाग विद्यार्थिनीकडे अशी वाटणी झाली.

नवरात्रात मामांच्या कारखान्यात तिची आज्ञावली चाचणीसाठी लावली. त्याचा भाग तेव्हा अपुरा होता. दिवाळीच्या सुट्टीत मी दोघांचे काम एकत्र केले आणि नवी आवृत्ती बसवली. जानेवारीत मामांचा फोन आला. "अरे, तुझं यंत्र विणकरांचे पैसे खातंय."

झाले होते असे की, ताक्याची लांबी 97.60 मीटर असली तरी आज्ञावली 97 च धरत होती. दशांश चिन्हापुढचे सगळे कापून टाकत होती. समजा, मीटरला अडीच रुपये दर आहे आणि आठवड्याला बारा ताके उतरले, तर सरासरी अर्धा मीटर प्रत्येक ताक्यामागे बुडाला तरी पंधरा रुपये गेले. रक्कम किरकोळ वाटेल. पण हिशेबाच्या दिवशी हातात पडणाऱ्या पैशांतून ते दर आठवड्याला जात होते, आणि तेही 'संगणक चुकत नाही' या भरवशावर.

मी चटकन शोध घेतला. कोणती ओळ कोणी लिहिली हे सांगणारी एक सोय आमच्या हाताशी असते. तिने त्या विद्यार्थ्याचे नाव आणि ऑगस्टमधील एक तारीख दाखवली. दुसऱ्या दिवशी मी त्याला वर्गात, सर्वांसमोर, नको तितके बोललो. तो खाली मान घालून उभा राहिला. "सर, मी त्या हिशेबाला हातच लावलेला नाही," एवढेच त्याने म्हटले. पडद्यावर त्याचे नाव झळकत असताना ते मला खोटे वाटले.

ती सोय काय आहे, हे इतर शाखांतील वाचकांसाठी सांगायला हवे. आज्ञावली लिहिणारी माणसे अनेक असतात, आणि लिखाण रोज बदलते. कोणी, कधी, काय बदलले याची वही ठेवणाऱ्या साधनांची परंपरा 1972 पर्यंत मागे जाते. बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकाइंड यांनी त्या वर्षी असे पहिले महत्त्वाचे साधन केले. आज सर्वत्र वापरले जाणारे 'गिट' हे साधन लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी एप्रिल 2005 मध्ये लिनक्सच्या गाभ्याच्या कामासाठी लिहिले. गिटमध्ये प्रत्येक बदलाची एक 'नोंद' होते. तिच्यात लिहिणाऱ्याचे नाव, वेळ, एक छोटा खुलासा, आणि आधीच्या नोंदीचा क्रमांक असतो. हा क्रमांक मजकुरावरूनच काढलेला चाळीस अक्षर-अंकांचा असतो. म्हणून मागचे काहीही गुपचूप बदलले तर पुढचे सारे क्रमांक बदलतात आणि लबाडी उघडी पडते.

दोघांना एकाच वेळी काम करायचे असले की नोंदींची साखळी दुभंगते. तिला 'शाखा' म्हणतात. शाखा पुन्हा एकत्र करण्याला इंग्रजीत 'मर्ज' म्हणतात. मी त्याला 'संगम' म्हणणार आहे. संगमाची नोंद इतर नोंदींहून एका बाबतीत वेगळी: तिला एकाऐवजी दोन जनक असतात. पहिला जनक म्हणजे ज्या प्रवाहात आपण उभे आहोत तो, आणि दुसरा म्हणजे येऊन मिळणारा.

ओळीचा कर्ता सांगणाऱ्या आज्ञेचे नाव 'गिट ब्लेम', म्हणजे दोष देणे! हे नाव ठेवणाऱ्याने मास्तरांचा स्वभाव बरोबर ओळखला होता असे आता वाटते. 'सबव्हर्जन' नावाच्या दुसऱ्या साधनात याच आज्ञेला 'प्रेज', म्हणजे स्तुती, असेही पर्यायी नाव आहे. काम तेच, दृष्टी वेगळी.

संक्रांतीच्या सुमारास मी बऱ्हाणपूरला गेलो. मामा बुडालेली मजुरी द्यायला तयार होते. त्यांचा प्रश्न एकच होता: "कधीपासूनची देऊ?" मी म्हटले, दोष ऑगस्टचा आहे, म्हणजे आज्ञावली लागली त्या दिवसापासून, नवरात्रापासून द्या. तेव्हा कारखान्यातले सर्वांत जुने विणकर, ज्यांना सारे चाचा म्हणतात, त्यांनी खिशातून एक मळकी वही काढली. ताका उतरला की त्याची लांबी ते स्वतः लिहून ठेवतात. त्या वहीप्रमाणे नवरात्रापासून दिवाळीपर्यंतच्या चारही आठवड्यांचा हिशेब पैशापैशाने जुळत होता. तूट होती ती दिवाळीनंतरच्या नऊ आठवड्यांत.

दोष ऑगस्टमध्ये शिरला असेल, तर ऑक्टोबरचा हिशेब बरोबर कसा? वही आणि यंत्र यांत एक चूक होते, आणि वही चूक नव्हती.

त्या रात्री मी माडीवर बसून पुन्हा सगळा इतिहास उलगडला. गिटची एक मोठी सोय ही की प्रत्येकाच्या संगणकावर संपूर्ण वही असते. बऱ्हाणपुरात बसूनही महाविद्यालयातले काहीच अडत नाही. पहिली गोष्ट लक्षात आली ती लाजिरवाणी होती. 'गिट ब्लेम' ओळीचा कर्ता सांगत नाही. त्या ओळीला शेवटचा हात कोणाचा लागला तेवढे सांगते. त्या मुलाने ऑगस्टमध्ये सगळ्या मजकुराचा समास नीट केला होता, डावीकडची मोकळी जागा सारखी केली होती. अक्षर एकही बदलले नव्हते. आज्ञेला 'डब्ल्यू' हे अक्षर जोडले की ती मोकळ्या जागांचे फरक सोडून देते. तसे केले, आणि त्या ओळीसमोर जुलैची तारीख आणि माझे नाव आले. माझ्याच कच्च्या आराखड्यातली ती ओळ! (2019 च्या ऑगस्टपासून गिटमध्ये अशा केवळ टापटिपीच्या नोंदींची यादी देऊन त्या वगळण्याचीही सोय झाली आहे. ती मला ठाऊक होती. वापरली नव्हती.)

पण एवढ्याने कोडे सुटले नाही, उलट वाढले. ओळ जुलैपासून चूक होती, तर ऑक्टोबर बरोबर कसा? मी विद्यार्थिनीला फोन केला. ती म्हणाली, "सर, ती चूक मी गणपतीच्या आधीच दुरुस्त केली होती." तिने त्यासाठी 'मीटरदशांश' नावाचे एक छोटे फलन लिहिले होते. मी त्या फाइलचा इतिहास मागवला. 'गिट लॉग' या आज्ञेला फाइलचे नाव दिले की तिच्यातल्या बदलांची यादी येते. यादीत माझी नोंद होती, मुलाची होती, आणखी दोनचार होत्या. तिची नव्हती. खरे सांगतो, क्षणभर मला वाटले की ही मुलगीही खोटे बोलते आहे.

इथे थोडे थांबून गिटचा एक स्वभाव समजून घेतला पाहिजे, कारण भलेभले इथे फसतात. एका फाइलचा इतिहास विचारल्यावर गिट मागे मागे चालत जाते. वाटेत संगम लागला की ते पाहते, की संगमानंतरची फाइल दोन जनकांपैकी एकाशी तंतोतंत जुळते का? जुळत असेल, तर 'आजचे रूप याच वाटेने आले' असे धरून ते फक्त त्या जनकाकडे जाते, आणि दुसरी शाखा पाहतही नाही. आजचा मजकूर कसा झाला, एवढेच सांगायचे असेल तर हे रास्त आहे. पण जे लिहिले गेले आणि संगमात बुडाले, त्याचा प्रश्न विचारणाऱ्याला ते कळतच नाही. 'ब्लेम'चेही तसेच. ते हयात ओळींची वंशावळ सांगते. जी ओळ आज नाही, तिच्याबद्दल ते काय बोलणार?

यावर उपाय आहे. त्याच आज्ञेला 'फुल-हिस्टरी' हा शब्द जोडला की गिट संगमाच्या दोन्ही जनकांकडे जाते. तसे केल्याबरोबर सप्टेंबरमधली तिची नोंद पडद्यावर आली.

आता प्रश्न उरला तो दुरुस्ती कुठे नाहीशी झाली हा. एखादा शब्द मजकुरात केव्हा आला किंवा केव्हा गेला, हे शोधण्यासाठी 'गिट लॉग'ला मोठ्या लिपीतले 'एस' हे अक्षर आणि तो शब्द देतात. मी 'मीटरदशांश' दिला. एकच नोंद आली: सप्टेंबर, शब्द आला. गेल्याची नोंदच नाही. आला, गेला नाही, आणि तरी आज फाइलमध्ये नाही! याचा अर्थ एकच होऊ शकतो. तो कोणत्याही साध्या नोंदीत गेलेला नसून संगमातच गेला. गिटची ही यादी संगमाच्या नोंदींतला फरक सहसा दाखवत नाही. त्यासाठी लहान लिपीतले 'एम' हे अक्षर जोडावे लागते, म्हणजे संगमाची तुलना प्रत्येक जनकाशी वेगवेगळी होते. ते जोडले आणि दुसरी नोंद आली. लक्ष्मीपूजनाच्या तीन दिवस आधीची, रात्री 11.40 ची. कर्ता: मी.

मग सारे आठवले. मुलाने समास बदलला होता, मुलीने हिशेब बदलला होता, ओळ एकच. अशा वेळी गिट स्वतः निर्णय घेत नाही. दोन्ही रूपे समोर ठेवून थांबते आणि माणसाला निवडायला सांगते. गाडी पहाटेची होती, सामान बांधायचे होते. मी दोन्हीकडे पाहिले. एका बाजूला नीटनेटका मजकूर होता. दुसऱ्या बाजूच्या ओळीवर एक टिप्पणी होती, आणि नोंदीचा खुलासाही होता, पण दोन्ही कन्नडमध्ये. बोललेले कन्नड मला थोडेफार कळते, वाचता येत नाही. जे वाचता आले ती संपूर्ण फाइल मी ठेवली आणि दुसरी सोडून दिली.

गिटमध्ये एप्रिल 2022 पासून, म्हणजे 2.36 या आवृत्तीपासून, 'रीमर्ज-डिफ' नावाची सोय आहे. यंत्राने तोच संगम आपणहून पुन्हा केला असता तर काय झाले असते, आणि माणसाने प्रत्यक्षात काय केले, यांतला फरक ती दाखवते. माझ्या संगमावर ती लावून पाहिली. माझ्या हातचे कर्म त्यात जितके स्वच्छ दिसले तितके दुसऱ्या कशात दिसले नसते.

दुसऱ्या दिवशी मामा म्हणाले, चल, कुंडी भंडारा पाहून येऊ. गावातला माणूस आपल्या गावची गोष्ट शेवटी पाहतो. मीही तो लहानपणी एकदाच पाहिला होता. जहांगीराच्या काळात, 1615 च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानाच्या पुढाकाराने ही योजना झाली. सातपुड्याच्या पायथ्याशी जमिनीत मुरणारे पाणी अडवून भुयारांतून, केवळ उताराच्या बळावर, शहरात आणलेले आहे. भुयारांवर जागोजाग विहिरीसारख्या कुंड्या आहेत, शंभरावर. एका कुंडीत उद्वाहकाने खाली उतरता येते. खाली स्वच्छ पाणी वाहत असते आणि भिंतींवर चुन्याचा थर साचलेला असतो.

मूल भंडारा, चिंताहरण आणि खूनी भंडारा यांचे पाणी भुयारातच एकत्र होऊन जाळी करंजाला पोहोचते. करंजावर उभे राहून ओंजळीतल्या पाण्याला 'तू कुठले' असे विचारले तर ते सांगणार नाही. पाण्याला आठवण नसते. त्याचा उगम शोधायचा तर वर जाऊन प्रत्येक वाटेत वेगवेगळा रंग सोडावा लागेल, आणि कोणता रंग खाली येतो ते पाहावे लागेल. भूजलाचे अभ्यासक खरोखर तसे करतात. मी आदल्या रात्री 'मीटरदशांश' हा शब्द सोडून पाहिला तो त्यातलाच प्रकार. फरक इतकाच की गिटमध्ये संगमापाशी दगडावर दोन्ही वाटांची नावे कोरलेली असतात. फक्त तिथवर उतरून ती वाचावी लागतात. खालच्या कुंडीत डोकावून भागत नाही.

साहित्याच्या प्राध्यापक मित्रांना यात नवल वाटणार नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताची चिकित्सित आवृत्ती झाली, तिच्यापुढे हाच पेच होता. डॉ. वि. सी. सुखटणकर 1925 मध्ये तिचे प्रमुख संपादक झाले. 1933 मध्ये पूर्ण झालेल्या आदिपर्वाच्या प्रस्तावनेत त्यांनी पोथ्यांच्या शाखा मांडल्या. पण लेखनिकांनी अनेकदा दोन शाखांच्या पोथ्या शेजारी ठेवून एकीतले दुसरीत घेतलेले. अशा संकरामुळे वंशवृक्षाच्या फांद्या एकमेकींत शिरल्या, आणि कोणता पाठ कोणत्या वाटेने आला हे ठरवणे फार कठीण झाले. आवृत्ती 1966 मध्ये पूर्ण झाली. त्या लेखनिकांनी 'ही पोथी अमक्या दोन पोथ्यांवरून केली' एवढे जरी प्रत्येक वेळी लिहून ठेवले असते, तर संपादकांचे किती श्रम वाचले असते! गिट नेमके तेवढेच करते.

करते, पण आपण करू दिले तर. हल्ली बऱ्याच ठिकाणी संगम न करता दुसऱ्या शाखेतले सगळे बदल दाबून एकाच साध्या नोंदीत बसवण्याची रीत आहे. तिला 'स्क्वॉश' म्हणतात. इतिहास सुटसुटीत दिसतो हे खरे. पण त्या नोंदीला दुसरा जनक नसतो. मी दिवाळीत तसे केले असते आणि मुलीची शाखा पुसून टाकली असती, तर तिची दुरुस्ती मुख्य इतिहासात कधी झालीच नव्हती असे दिसले असते, आणि 'फुल-हिस्टरी'लाही काही सापडले नसते. मला ही रीत पूर्वी आवडायची.

जुन्या साधनांत तर संगमाची आठवण मुळातच कच्ची होती. सबव्हर्जनमध्ये 2008 पर्यंत, म्हणजे 1.5 ही आवृत्ती येईपर्यंत, संगमातून आलेल्या प्रत्येक ओळीसमोर संगम करणाऱ्याचेच नाव लागे. मूळ लेखक मागेच राहत. गिटचे 'ब्लेम' तसे करत नाही. ते प्रत्येक ओळ आधी पहिल्या जनकाकडे शोधते, उरलेली दुसऱ्याकडे, आणि दोन्हीकडे न मिळालेली तेवढी संगमाच्या नावावर टाकते. माझ्या प्रकरणात सदोष ओळ पहिल्या जनकाकडे जशीच्या तशी होती. म्हणून ब्लेमच्या लेखी संगम करणारा मी निर्दोष सुटलो होतो. ओळ कोणी लिहिली आणि ती मुख्य प्रवाहात कशी राहिली, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्याचे उत्तर ओळीपाशी नसते. ते संगमांपाशी असते. 'फर्स्ट-पेरेंट' हा शब्द जोडून इतिहास पाहिला, की केवळ मुख्य प्रवाह आणि त्याला मिळालेले संगम एकापुढे एक दिसतात. मामांच्या 'कधीपासून' या प्रश्नाला त्यातून उत्तर मिळाले. ती तारीख आणि चाचांची वही यांत एका दिवसाचाही फरक पडला नाही.

नऊ आठवड्यांची राहिलेली मजुरी मामांनी पुढच्या हिशेबाच्या दिवशी वाटली. चाचांनी पैसे मोजले, वहीत लिहिले, आणि वही पुन्हा खिशात ठेवली. आज्ञावली दुरुस्त झाली आहे हे मी त्यांना दोनदा सांगितले. त्यांनी मान हलवली. वही मात्र अजून चालू आहे असे मामा कळवतात.

परत आल्यावर मी पहिल्याच तासाला ती संगमाची नोंद वर्गाच्या पडद्यावर लावली, माझ्या नावासकट, आणि त्या विद्यार्थ्याची सर्वांसमोर माफी मागितली. तो संकोचला. थोड्या वेळाने त्याने विचारले, "सर, पण जुलैत ती ओळ तशी का लिहिली होती?" त्याचे समाधानकारक उत्तर माझ्यापाशी नव्हते, घाईत लिहिली होती, एवढेच सांगितले.

विद्यार्थिनी आता नोंदींचे खुलासे दोन्ही भाषांत लिहिते. मी तिला तसे सांगितलेले नाही. मी संध्याकाळी याच अंकाच्या कन्नड विभागाची मागची पाने घेऊन बसतो. अक्षरे ओळखू येऊ लागली आहेत, जोडाक्षरे अजून अडतात.